परत केलेला भंडारा

माझ्या सासूला मत कसं द्यायचं ते मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात शाणी कोण आणि अडाणी कोण, ते मग तुम्हीच बघा.

आम्ही तेव्हा वाळूजच्या कंपन्यांमागं, नगर रोडला लागून असलेल्या एका वस्तीत राहायचो. पत्र्याच्या खोल्यांची रांग आणि समोर मोकळं गायरान. नवरा एका कारखान्यात प्रेसवर होता. मी दुसऱ्या कारखान्यात प्लास्टिकच्या डब्यांना झाकणं लावायची. दिवसभर झाकणंच झाकणं! घरी आल्यावर भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवायचाही कंटाळा यायचा. आमची पोर पाच वर्षांची. तिला सांभाळायला सासू लासूर स्टेशनकडच्या गावातून येऊन राहिली होती. सासऱ्यांनी आधी मेंढरं विकली, मग तेही गेले. ही आली ती एक गाठोडं, लोकर कातायची टकळी आणि मेंढरं हाकायची काठी घेऊन.

मी म्हटलं, "आत्याबाई, इथं काठी कशाला? इथं मेंढरं कुठं आहेत?"

"काठी काय खायाला मागती का तुला?" म्हणाली, आणि दारामागं उभी करून ठेवली.

वस्तीतल्या लेकरांची शाळा नगर रोडच्या पलीकडं. रस्ता म्हणजे काय विचारता! नवीन नवीन कंपन्या उभ्या राहत होत्या, दिवसरात्र ट्रक, लोखंडाच्या पट्ट्या बाहेर लोंबकळणारे ट्रेलर, पुण्याच्या गाड्या. एकदा मी पोरीला घेऊन पलीकडच्या दवाखान्यात निघाले होते. निम्म्या रस्त्यात गेल्यावर एक टँकर असा अंगावर आला, की मी तिला दंडाला धरून फरफटत मागं ओढलं. तिच्या पायातली एक चप्पल रस्त्यातच राहिली. गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली, लाल पट्ट्याची. टँकर गेल्यावर चपलेची नुसती चकती झालेली. पोर चपलेसाठी रडत होती आणि मी तिच्या पायाची बोटं मोजत होते. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा शिरला. पुढच्या जूनमध्ये ही पहिलीत जाणार, आणि रोज दोनदा हा रस्ता ओलांडणार. शाळा अलीकडं झाली पाहिजे. पोर शिकली पाहिजे. माझ्यासारखी झाकणं लावायला नाही, कंपनीच्या ऑफिसात पंख्याखाली बसायला. हसू नका, तेव्हा माझ्या अपेक्षेची उडी पंख्यापर्यंतच होती.

आमच्यापासून चार घरं सोडून एक बाई राहायच्या. सगळी वस्ती त्यांना नुसतं बाईच म्हणायची. बौद्ध घर. नवरा हातगाडीवर केळी विकायचा आणि बाई अंगणात वस्तीतली बारकी पोरं गोळा करून शिकवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चे निघाले तेव्हा बाई शाळकरी पोर होत्या. आईचा पदर धरून मोर्चात चालल्या होत्या आणि आईबरोबर कोठडीतही बसल्या होत्या. मी सांगतेय त्या वर्षी तो विषय पुन्हा तापला होता. आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत डबे वेगवेगळ्या कोंडाळ्यांत उघडायला लागले होते. कालपर्यंत माझ्या डब्यातलं लोणचं मागणारी माणसं तोंड फिरवून बसायची.

माझी सासूही काही वेगळी नव्हती, खोटं कशाला बोलू. पोरीला बाईंच्या अंगणात सोडायची आणि स्वतः फाटकाबाहेर दगडावर टकळी फिरवत बसायची. बाईंनी पाणी दिलं तर "आत्ताच पिऊन आले" म्हणायची. मला भारी राग यायचा.

"पोर तर तिथंच पाणी पिती, मग तुम्हाला काय होतं?"

"ती शिकलेली हाय," सासू म्हणाली. पाच वर्षांची पोर, फळ्यावर कमळाचा क काढता यायला लागला होता, तेवढ्यात ती शिकलेली! मी डोक्यावर हात मारून घेतला.

पण बसायची मात्र रोज. आणि ऐकायची. संध्याकाळी पोरीला विचारायची, "आज बाईनं शिकवलेलं गाणं म्हण." पोर अडली की पुढची ओळ सासूच सांगायची.

हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात दोनच उमेदवार. एक आमच्या घरमालकाचा धाकटा भाऊ, निशाणी छत्री. दुसऱ्या आपल्या बाई, निशाणी कपबशी. भांडण कशाचं, तर समोरच्या गायरानाचं. भावाला तिथं दुकानांचे गाळे पाडायचे होते. बाई म्हणत होत्या, तिथं शाळा. पंचायतीत जो जाईल, त्याचं चालणार. म्हणजे माझ्या पोरीचा रस्ता त्या एका जागेवर अडकलेला होता.

छत्रीवाल्यांची जीप दिवसभर भोंगा लावून फिरायची. बाई संध्याकाळी दोन बाया बरोबर घेऊन, हातात खरोखरची कपबशी धरून घरोघर जायच्या. बशीला एक टवका उडालेला. घरमालक चौकात मोठ्यानं म्हणायचा, "यांना विद्यापीठावर नाव पाहिजे, आता पंचायतीत खुर्चीबी पाहिजे!" बाई ऐकायच्या आणि पुढच्या दारावर थाप मारायच्या. मी असते तर ती कपबशी त्याच्या टाळक्यात फोडली असती. माझा स्वभावच तसला.

माझी मोठी काळजी होती सासूच्या मताची. तिनं सहज सांगून टाकलं, की गावाकडं ती मतदानाला जायची तेव्हा कागदावरच्या सगळ्या निशाण्यांवर शिक्का मारून यायची.

"सगळ्यांवर?" मी किंचाळलेच.

"मंग! समदे दारात येऊन हात जोडून गेलेले. हळदीकुंकवाला बसलेल्या बायांत एकीला कुंकू लावायचं आन् एकीला सोडायचं, असं करतं का कुणी?"

आयुष्यभर या बाईचं एकही मत मोजलं गेलं नव्हतं! मग मी बटाटा कापून शिक्का केला, हळदीच्या पाण्यात बुडवून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव घेतला. छत्री काढली, कपबशी काढली. एकावरच शिक्का, शाई दुसरीकडं लागू नये म्हणून घडी अशी उभी. सासू चुकायची आणि मी ओरडायची. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजी एकालाच हो म्हणायचं. मंग दुसऱ्याला नाय कोण सांगायचं?"

"कुणी नाही सांगायचं. गुपित असतं ते."

"गुपित," ती म्हणाली, आणि तो बटाटा परत माझ्या हातात दिला.

मतदान चार दिवसांवर आलं तेव्हा घरमालक आमच्या दारात आला. हे दुसऱ्या पाळीला गेले होते, आणि ते बघूनच तो आला होता. त्यानं वस्तीतल्या आमच्या धनगराच्या सगळ्या घरांत तसंच केलं. त्याचं गणित साधं होतं. गडी माणसं एकाची पितात आणि दुसऱ्याला देतात, पण बाईमाणूस देवाची शपथ मोडत नाही. पितळेच्या ताटलीत भंडारा, म्हणजे आमच्या देवाची हळद, घेऊन तो उंबऱ्यावर उभा राहिला.

"उचला भंडारा. छत्री म्हणायचं. आन् दुसरा हात लेकराच्या डोक्यावर."

सासूनं चिमूट उचलली. काही बोलली नाही, पण उचलली. मग माझी पाळी. पोर आमच्या दोघींच्या मधे उभी होती, तिला वाटलं काहीतरी खेळ आहे, ती खुदुखुदू हसत होती. मी तिच्या केसांवर हात ठेवला. तेल लावलेलं होतं, ऊन लागल्यासारखं डोकं गरम. मी भंडारा उचलला आणि "छत्री" म्हटलं. कपबशी टाळक्यात फोडणारी मी! खोली त्याची होती, हे कारण मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. ताटली समोर आली तेव्हा देवापुढं नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी सासू जेवली नाही. भंडाऱ्याची चिमूट तिनं कपाळाला लावली नव्हती, पदराच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवली होती. मला वाटलं, देव्हाऱ्यात ठेवायची असेल.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी ती अंघोळ करून, लुगडं बदलून दारात उभी.

"मी घरमालकाकडं चालले. भंडारा परत करायला. देवाचं नाव घेऊन खोटं वागायचं मला नाय जमायचं. त्याचं त्याला देते आन् तोंडावर सांगते, माझं मत तुला नाय. येती का? तुझाबी देऊन टाकू."

असं करता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शपथ घ्यायची किंवा मोडायची, एवढंच मला माहीत. शपथ परत करायची, ज्यानं दिली त्याच्या दारात जाऊन, उजेडात, हे त्या न शिकलेल्या बाईला रात्रभर उपाशी राहून सुचलं होतं. आणि मी काय म्हणाले?

"मला भाकरी करायच्यात, आत्याबाई. तुम्ही या जाऊन."

ती एकटीच गेली. मी काही घरात राहिले नाही. लांबून मागं गेले, पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. घरमालकाच्या ओट्यावर पाच-पन्नास माणसं चहा पीत होती. माझी सासू त्या गर्दीतून सरळ आत शिरली. ताटली तिथंच होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि चिमूट ताटलीत झटकली.

"ह्ये तुमचं तुमच्यापाशी. माझी नात त्या बाईपाशी शिकती. तिला शाळा पाहिजे. माझं मत कपबशीला हाय. मागून कळण्यापरीस आदी सांगितलेलं बरं, म्हणून आले. राग धरू नका."

इतक्या माणसांत, देवाच्या भंडाऱ्यापुढं, म्हाताऱ्या बाईला शिवी तरी कशी द्यायची? घरमालक ओशाळं हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो. एका मतानं काय व्हतंय?"

टाकीआड उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. मी आजवर देवळात कुणापुढं हात जोडले नसतील इतक्या मनापासून त्या लुगड्याच्या पाठीला जोडले. पण ओट्याकडं पाऊल काही टाकलं नाही.

मतदानाच्या दिवशी पहाटे पोरीला कणकण होती. थंडीचे दिवस, वस्तीतली निम्मी पोरं शेंबडी. काही विशेष नव्हतं. पण मला विचारा! मी तिच्या कपाळाला दहादा हात लावून बघितला. सासूनं तिला काढा पाजला आणि कडेवर घेऊन आमच्याबरोबर आली. हे पण आले. सासू मत देऊन बाहेर आली ती हसतच, बोटावरची शाई पोरीला दाखवत. "एकावरच मारला," मला म्हणाली, "उभी घडी घातली."

मग मी आत गेले. कागद समोर, शिक्का हातात. कपबशी वर, छत्री खाली. मला ती चपटी झालेली लाल चप्पल आठवली. आणि मग तो हात आठवला, पोरीच्या गरम डोक्यावरचा. मोडली शपथ आणि हिला काही झालं तर? ताप वाढला तर? शाळा काय, आज ना उद्या होईल, पोर कुठून आणू? बाहेर कुणीतरी खोकलं. मी शिक्का छत्रीवर मारला. घडी उभीच घातली, अगदी जशी शिकवली होती तशी.

दुसऱ्या दिवशी गंगापूरला मोजणी झाली. दुपारी टेम्पोतून गुलाल उधळत माणसं आली. छत्री. बाई एका मतानं पडल्या.

एका मतानं! माझं एक तिकडचं इकडं झालं असतं तर बाई एका मतानं निवडून आल्या असत्या. हे गणित करायला सातवी पास लागत नाही. पोरीचा ताप केव्हाच उतरला होता, ती टेम्पोमागं गुलाल वेचत पळत होती.

संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. डोळे सुजलेले, पण आल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरानं तिन्ही मतं मला दिली. आत्यांनी तर भर ओट्यावर सांगितलं. मी हे जन्मात विसरणार नाही." मी स्टोव्हला पंप मारत राहिले. मारतच राहिले. सासू बाईंना म्हणाली, "बसा. च्या घिऊन जा." बाई बसल्या. आमच्या घरात त्यांनी चहा घेण्याची ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवसापासून सासू फाटकाच्या आत बसायला लागली, आणि पाणी मागून प्यायला लागली. ते कधी आणि कसं ठरलं, मला कुणी सांगितलं नाही.

गायरानावर गाळ्यांचा पाया खणला गेला. जून आला. शाळेच्या पहिल्या दिवशी मी पहाटेच कामाला गेले, आणि दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. साडेतीनला पळत आले, तर वस्तीच्या तोंडाशी बाया जमलेल्या, हसून हसून बेजार.

झालं असं होतं. सकाळी सासूनं दारामागची काठी काढली. वस्तीतली वीस-बावीस पोरं गोळा केली, पुढं बाई, मागं पोरं. नगर रोडवर आल्यावर माझी सासू सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. काठी आडवी धरली आणि मेंढरांना घालतात तसली आरोळी ठोकली. ट्रकचे ब्रेक करकरले. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून विचारलं, "ओ अम्मा, मरने का है क्या?"

"आदी माझी मेंढरं जाऊ दे," सासू म्हणाली, "मंग मार!"

सगळी पोरं पलीकडं पोचल्यावरच तिनं काठी खाली घेतली. आणि मग रोजच. साडेदहाला न्यायची, पाचला आणायची. पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ, उन्हात पदर. महिन्याभरात ट्रकवाले लांबूनच वेग कमी करायला लागले. कुणी सलाम करायचा, कुणी हॉर्न वाजवून चिडवायचा. गाळ्यांच्या कामावर उभा राहून घरमालकही बघायचा. त्याच्याही नातवाला तीच नेत होती. सगळी वस्ती तिचं कौतुक करायची आणि मला म्हणायची, नशीब काढलंस बाई, अशी सासू मिळाली. मी हो म्हणायची आणि तिथून सटकायची. कारण ती ज्या रस्त्यात रोज उभी राहत होती, त्या रस्त्यात तिला मी उभं केलं होतं.

वर्ष गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात एका ट्रकच्या आरशाचा तिच्या खांद्याला फटका बसला. हाड वाचलं, पण खांदा निळाकाळा झाला. संध्याकाळी मी हळद उगाळून गरम करून लेप लावत होते. माझ्या बोटांना हळद, तिच्या कातडीवर हळद. माझा बांधच फुटला.

"आत्याबाई, बाईंना मी नाही मत दिलं. छत्रीला दिलं. माझ्यामुळं तुम्ही रस्त्यात उभ्या राहता."

तिनं मान वळवली नाही. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"तू भाकरी करायच्यात म्हणालीस तवापासून. डब्यात पीठ कुठं व्हतं त्या दिवशी?"

मी रडायलाच लागले. "मग बोलला का नाही? शिव्या तरी घालायच्या!"

"काय बोलू? लेकराच्या डोक्यावर हात ठिवून भ्यालीस. आय हाईस, भिणारच." मग म्हणाली, "पर आता माझा हात वर व्हत नाय. उद्या काठी कोण धरणार, त्ये सांग."

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला. साडेदहाला काठी घेऊन वस्तीच्या तोंडाशी गेले. पुढं बाई, मागं पोरं, आणि त्यांत माझी पोर, दप्तर छातीशी धरून. बाई म्हणाल्या, "तुम्ही? आज आत्या नाहीत?" मी म्हटलं, "बाई, आधी पोरांना पलीकडं नेऊ. मग मला तुम्हाला एक सांगायचंय."

लांबून ट्रेलर येत होता. मी काठी धरून कडेलाच उभी. रस्त्याच्या कडेला सासू दुखरा हात झोळीत अडकवून उभी होती, आणि तिथून माझ्यावर ओरडत होती, अगदी मी बटाट्याच्या शिक्क्यावरून तिच्यावर ओरडले होते तशी.

"आडवी धर! आडवी! आन् मधी जा, कडंला काय उभी राहतीस!"

मी मधे गेले.